उतरता काटा

कालपासून आमच्या गोडाऊनमध्ये पुन्हा चपला काढून काट्यावर चढणं सुरू झालं आहे. हा काटा खरं तर माणसांसाठी नाही. ट्रकमधून उतरलेले खोके त्यावर ठेवायचे, आकडा बघायचा, स्टिकर चिकटवायचं आणि पुढे ढकलायचं, एवढ्यासाठी तो आहे. पण गणपती पाण्यात गेले आणि खाल्लेल्या मोदकांचा जाब द्यायची वेळ आली की चहाच्या सुट्टीत त्याच्यापुढे बायकांची रांग लागते. पॅकिंगमधली शबाना, नारपोलीहून येते ती, या रांगेची मुकादम. काट्यावर चढण्याआधी एकेक जण काय काय उतरवते ते बघण्यासारखं असतं. आधी चपला, मग ओढणी, मग मोबाइल, मग कमरेच्या किल्ल्या. काल एक जण मंगळसूत्र काढायला निघाली, तर शबाना म्हणाली, "रहने दे गं, नवऱ्याचं वजन त्याच्यात धरत नाय."

मी रांगेत उभी राहिले नाही. इनवर्डच्या, म्हणजे आलेला माल नोंदवायच्या, टेबलाशी बसून चहा पीत राहिले. मागचं शटर अर्धं उघडं होतं आणि तिथून वारा येत होता. गोडाऊनच्या मागे अजून दोन-तीन शेतं शिल्लक आहेत, त्यांतल्या लोंब्या आता भरत आल्या आहेत. तापलेला पत्रा, नवा पुठ्ठा आणि पिकायला लागलेलं भात, असा एकत्र वास बहुधा भिवंडीजवळच्या आमच्या अंजूरलाच येत असेल. तो आला की बाकीच्यांना दिवाळी आठवते. मला तो मोसम आठवतो, ज्यात मी दर आठवड्याला थोडी थोडी कमी होत गेले आणि साऱ्या गावाने माझं कौतुक केलं.

माझं वजन मोजायला त्याआधी कुणाला काटा लागला नव्हता. शेअर रिक्षात मी मागे बसले की रिक्षावाला न बोलता तिसरा पॅसेंजर पुढे स्वतःच्या शेजारी घ्यायचा. शिंपी टेप लावून आकडा मोठ्याने सांगायचा नाही, ओठांतल्या ओठांत पुटपुटायचा आणि वर म्हणायचा, "आतून माया सोडतो हां वहिनी." लग्नातला फोटोग्राफर मला नेहमी कुणाच्या तरी मागे उभं करायचा. लोकांकडे मापं फार असतात, फक्त ती तोंडावर वाचून दाखवत नाहीत.

एक माप मात्र माझ्या बाजूचं होतं. कोनला माझ्या माहेरी मला बघायला आले, तेव्हा सासूबाईंनी स्वयंपाक येतो का विचारलं नाही की शिक्षण विचारलं नाही. पोहे घेताना त्यांनी माझा दंड धरला. कोपराच्या वर, चारही बोटांनी, बाजारात दुधी निवडताना दाबून बघतात तसा. मग आमच्या बाबांना म्हणाल्या, "भारा उचलील ही. मना पोर पसंत हाय." भाताचा भारा शेतावरून खळ्यात आणायचा, तर डोकं, मान, दंड सगळंच भरलेलं लागतं. मी तो पाच-सहा वर्षं उचलला. मग शेतावर गोडाऊन उभं राहिलं, खळं पार्किंगमध्ये गेलं आणि उचलायला भाराच उरला नाही. अंग होतं तेच राहिलं. काल ज्याला भरलेलं म्हणत होते, त्याला आज जाड म्हणायला लागले. मी यात काहीच केलं नव्हतं.

त्या वर्षी माझ्या दिराचं लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तावर ठरलं होतं. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. हळदीला बायकांच्या साड्या एका रंगाच्या, ब्लाउज शिवलेले, वरून ड्रोन फिरणार आणि नाचताना कुणाचं पोट हललं ते पुढची दहा वर्षं मोबाइलमध्ये दिसणार. मी थोरली जाऊ, म्हणजे पुढच्या रांगेत. गणपतीनंतर शबानाने पहिल्यांदा ती काट्याची टूम काढली, तेव्हा मी सगळ्यांच्या आधी चपला काढल्या. आकडा आला चौऱ्याहत्तर. कुणी हसलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

भात सोडला. भात सोडला म्हणजे काय, हे आमच्या भागात राहणाऱ्यालाच कळेल. सासूबाईंनी तर दोन दिवस माझ्याशी बोलणं सोडलं. सकाळी दुधीचा रस, दुपारी काकडी, संध्याकाळी सानिकाच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, मोबाइलवर पावलं मोजत गोडाऊनच्या कंपाउंडभोवती चकरा. सानिका तेव्हा सातवीत होती. पहिले दोन आठवडे काटा ढिम्म हलला नाही. आणि मग नवरात्राच्या तोंडावर तो उतरायला लागला. एकदा उतरायला लागला तो थांबेचना.

ते दिवस सुखाचे होते, हे मला खोटं सांगता येणार नाही. आकडा खाली आला की शबाना टाळ्या वाजवायची, तिच्या मागून साऱ्या पॅकिंगच्या पोरी वाजवायच्या. "देखो देखो, वहिनी तो हिरोइन झाली." रिक्षावाल्याने एक दिवस माझ्या शेजारी तिसरं माणूस बसवलं. वाक्य साधं होतं, "सरका जरा, जागा हाय," पण मी ते घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. आमच्या ह्यांनी लग्नाला इतकी वर्षं झाली तरी माझ्या कपड्यांवर कधी मत दिलं नव्हतं. टेम्पोची चावी खिळ्याला लावता लावता ते म्हणाले, "ही साडी बरी दिसते तुला." शिंप्याने सोडलेली माया त्यानेच पुन्हा आत घेतली, एकदा नाही, तीनदा. चाळिशीच्या तोंडावर बाईला पहिल्यांदा कौतुक मिळालं तर ती ते वासावरून ओळखत नाही, की हे ताजं आहे की नासलेलं. ती खात सुटते.

भूक तर मेलीच होती. मला वाटलं, माझा जिभेवर ताबा आला. संध्याकाळी अंग कसकसायचं, ऑक्टोबरच्या उकाड्यात मला शाल लागायची. मला वाटलं, उपासांचा थकवा. खोकला होता, पण भिवंडीत खोकला कुणाला नाही? नारपोलीत लूमचा कापूस, इथे पुठ्ठ्याची धूळ. पहाटे उशी घामाने भिजलेली असायची. सानिकाने कुठेसं वाचलं होतं की चरबी जळते तेव्हा घाम येतो. पोरीने ते इतक्या खात्रीने सांगितलं की मी उशी उन्हात टाकायची आणि मनात खूश व्हायची.

खूश नव्हत्या त्या एकट्या सासूबाई. भांडी घासताना, कंदील लावताना, कधीही त्या मागून येऊन माझा दंड धरायच्या. पूर्वी चार बोटांत मावत नव्हता तो आता त्यांच्या अंगठ्याला टेकायला लागला होता. "तू सुकत चाललीस गो. मना बरा न्हाय वाटत."

"आई, मुद्दाम कमी करतेय मी."

"मुद्दाम करतंय त्याच्या तोंडावर तेज येतं. तुज्या तोंडावर न्हाय."

आम्ही हसायचो. सानिका त्यांना समजावायची, "आजी, जाड म्हणजे हेल्दी नसतं." गल्लीतल्या बायका म्हणायच्या, म्हातारीला सुनेचं चांगलं बघवत नाही. सासूबाई माझ्या ताटात तुपाचा गोळा टाकून निघून जायच्या, आणि तो मी सानिकाच्या ताटात सरकवायची.

हळदीच्या दिवशी मी पिवळ्या साडीत आरशासमोर उभी राहिले तेव्हा मला मीच ओळखू आले नाही. गालांची हाडं वर आली होती, डोळे मोठे दिसत होते, मान लांब. ह्यांनी बाजारातून हिरव्या बांगड्या आणल्या होत्या, माझ्या नेहमीच्या मापाच्या. या मापाच्या बांगड्या चढवायला मला नेहमी साबणाचं पाणी लागायचं, हात लाल व्हायचा, डोळ्यांत पाणी यायचं. त्या दिवशी त्या आपोआप गेल्या. बेंजो सुरू झाला, पुढच्या रांगेत मी नाचायला लागले, हात वर केले की बांगड्या कोपरापर्यंत उतरायच्या, खाली केले की पंजावर यायच्या. एका गिरकीत डाव्या हाताच्या साऱ्या बांगड्या निसटल्या आणि हळदीच्या चिखलात जाऊन पडल्या. बेंजोवाल्यांसकट सगळे हसले. मावससासूबाई ओरडल्या, "बगा, किती बारीक झाली माजी सून!" पुन्हा टाळ्या. शबाना पाहुणी म्हणून आली होती, तिने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. सासूबाई तेवढ्या वाकून बांगड्या गोळा करत होत्या. दोन वाढल्या होत्या, त्यांच्या काचा त्यांनी पदरात घेतल्या. माझा तो प्रसिद्ध फोटो त्याच वेळी निघाला. दोन्ही हात वर, डावा मोकळा, मान मागे टाकून मी हसते आहे. आयुष्यात इतकी सुंदर मी कधी दिसले नव्हते.

लग्न पार पडलं. पूजेच्या दिवशी प्रसादाचा शिरा ढवळताना खोकल्याची उबळ आली म्हणून मोरीत गेले, आणि हातात रक्त आलं. दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी चुलीखालची लाकडं बाहेर ओढली, नऊवारीचा काष्टा खोचला आणि स्वतः रस्त्यावर जाऊन रिक्षा उभी केली.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी पाठीला नळी लावली, मग विचारलं, "वजन कमी झालंय का हल्ली?"

"हो," मी म्हटलं, "बारा किलो." आणि मी हसले. माझ्या तोंडाला रक्ताचा वास होता, तरी त्या आकड्याचं हसू आलंच. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मान खाली घालून लिहायला सुरुवात केली. टीबी होता.

त्यानंतरचे महिने मी दुसऱ्या काट्यावर चढत होते. तो जुना, गोल तबकडीचा, चढलं की आतली सुई थरथरत राहायची. गोळ्या किती द्यायच्या हे रोग्याच्या वजनावर ठरतं, हे मला तिथे कळलं. तिथे आकडा वर गेला की सिस्टर म्हणायच्या, "वाढलं. शाब्बास." पहिल्यांदा त्यांनी तसं म्हटलं त्या दिवशी परतीच्या रिक्षात मी रडले. शेजारी बसलेल्या सासूबाईंना वाटलं, आनंदाने रडते आहे. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी आनंदाने रडत नव्हते. एक आकडा मला मारत होता आणि त्यावर मला टाळ्या मिळत होत्या. दुसरा मला जगवत होता, आणि तो वाढताना मी तबकडीवरून नजर काढून घेत होते. असं रडणं कुणाला समजावून सांगणार?

शबाना दर शुक्रवारी उकडलेली अंडी आणि खजूर पाठवायची. एकदा स्वतः आली, तोंडावर ओढणी बांधून अंगणातच खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "मेरे को क्या मालूम गं. मला वाटलं, तू जितते आहेस."

"मला पण तेच वाटलं," मी म्हटलं.

त्याच काळात सासूबाई गावदेवीला नवस बोलून आल्या होत्या, की सून उठली तर तिला गुळाने तोलीन. आमच्याकडे अशी तुला लहान मुलांची करतात. नवसाचं पोर एका पारड्यात, गूळ दुसऱ्या पारड्यात, दोन ढेपांत काम होतं. चाळिशीच्या बाईची तुला कुणी ऐकली नव्हती. "आई, मी मरून जाईन लाजेने," मी म्हटलं. "मरायची होतीस तेवा न्हाय मेलीस. आता कशाला मरतंस?" त्या म्हणाल्या आणि विषय संपला.

पुढच्या नवरात्रात देवळासमोर भातगिरणीचा मोठा तराजू टांगला. मी पारड्यात मांडी घालून बसले, पदर तोंडावर ओढून. सारं गाव जमलं होतं. आयुष्यभर जे मी लपवत आले, ते माझं वजन सर्वांसमोर उघड्यावर मोजलं जात होतं. ह्यांनी आणि दिरांनी एकेक ढेप ठेवायला सुरुवात केली. पारडं हलेना. अजून एक. हलेना. कुणीतरी बाई खुसखुसली आणि सासूबाई तिच्याकडे वळून म्हणाल्या, "हसतंस काय? यकदा ही फुलासारी उचलली होती आमी, रिक्षात घालताना." मग कुणी हसलं नाही. ढेपांची चळत माझ्या डोक्याच्या वर गेली आणि एका क्षणी माझं पारडं जमिनीवरून सुटलं. मी हवेत होते. समोर माझ्याएवढा गूळ होता, मुंगळे लागलेला, उन्हात पाझरणारा. सासूबाईंनी त्यावर आणखी एक ढेप ठेवली. पुजारी म्हणाला, झालं की. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. वरची पायजेच." त्या वर्षी आमच्या आळीतल्या प्रत्येक घरात दिवाळीला माझ्या गुळाच्या करंज्या झाल्या.

इथे हे लिहिणं संपवता आलं असतं तर मला आवडलं असतं. पण तुला झाली म्हणून मन तोललं जातं असं नाही. माझं वजन आज पुन्हा चौऱ्याहत्तरच्या आसपास आहे. छाती साफ आहे, पायऱ्या चढते, रिक्षातला तिसरा पॅसेंजर पुन्हा पुढे बसतो. आणि हॉलमधल्या भिंतीवर इतकी वर्षं तो हळदीचा फोटो होता. मोठा करून, चौकटीत घालून ह्यांनीच लावला, मी दवाखान्यातून आले तेव्हा, मला बरं वाटावं म्हणून. घरी येणारं प्रत्येक माणूस त्याच्याकडे बघायचं, मग माझ्याकडे बघायचं. मी तो काढला नव्हता. रोज केर काढताना पुसायची.

काल गोडाऊनमधून घरी आले तर सानिका त्या फोटोखाली उभी होती. आता अकरावीत आहे. हातात सासूबाईंनी जपून ठेवलेला डबा होता, त्यातून हळदीच्या दिवशी वाचलेल्या हिरव्या बांगड्या काढून ती पुसत होती. नवरात्रात हिरव्या रंगाच्या दिवशी कॉलेजला घालायच्या म्हणाली. गेले काही आठवडे ती रात्री अर्धीच भाकरी घेते, हे मी बघत होते. अभ्यास आहे, पोट भरलं, कँटीनमध्ये खाल्लं, कारणं तयार असतात.

"किती छान दिसत होतीस गं तू," ती फोटोकडे बघत म्हणाली.

"सानू, तेव्हा मला रोज ताप होता. पाच दिवसांनी रक्त पडलं. तुला माहितीये ना?"

"माहितीये." ती जराही अडखळली नाही. "पण छान दिसत होतीस."

ती मूर्ख नाही, आंधळी नाही, सगळं तिच्या डोळ्यांसमोर झालं होतं. तरी तिला फोटोत दिसतं ते मलाही दिसतं. चार वर्षं मी तो फोटो पुसते तेव्हा काय बघत असते? मी तिला काय शिकवलं, ते भिंतीवर टांगलेलं होतं.

मग तिने बांगड्या चढवल्या. माझ्या मापाच्या, ज्यांना मला आजही साबण लागतो. सहाच्या सहा एकदम गेल्या, थेट कोपरापर्यंत. तिने हात खाली केला तशा त्या पंजावर आल्या. "बघ आई, किती सैल!" ती हसली. ते हसू मी ओळखते. त्याच वेळी तिला ठसका लागला, एक-दोनदाच, साधा, धुळीचा असेल तसा.

स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांना आता नीट दिसत नाही, पण बांगड्यांचा आवाज त्यांनी ऐकला होता. भिंत धरत धरत त्या पुढे आल्या आणि सानिकाचा दंड धरला. सानिका म्हणाली, "आजी, गुदगुल्या होतात." सासूबाईंनी माझ्याकडे तोंड केलं.

आजारपणात घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या होत्या, सानिकाचीही झाली होती, काही निघालं नव्हतं. आताही काही निघणार नाही. सोळा वर्षांची मुलगी आहे, मैत्रिणींच्या नादाने कमी खात असेल, मनगटं मुळात माझ्यासारखी जाड नसतील. हे सगळं मी मलाच सांगते आहे. पण नुसता खाली जाणारा आकडा सांगत नाही की माणूस मुद्दाम कमी होतं आहे की कुणी त्याला आतून खातं आहे. बाहेरून दोन्ही सारखंच सुंदर दिसतं. माझ्यापुरतं ते एकदा बघून झालं आहे.

आज मी फोटो उतरवला. भिंतीवर चौकोनी स्वच्छ डाग राहिला आहे, तो फोटोपेक्षा जास्त दिसतो. ह्यांनी विचारलं, कुठे गेला? मी म्हटलं, काच पुसायला काढलाय. सानिकाने रात्रीची भाकरी पुन्हा अर्धीच घेतली.

उद्या मी सुट्टी टाकली आहे. सकाळी सानिकाला घेऊन त्याच दवाखान्यात जाणार आहे, सासूबाईही येणार म्हणतात, त्यांना नाही म्हणायची कुणाची टाप नाही. तो गोल तबकडीचा काटा अजून असेल तर आधी मी चढेन, चपला घालून, ओढणी, मोबाइल, किल्ल्या, मंगळसूत्र सगळ्यासकट. मग ती चढेल. सुई थरथरून कुठेही थांबो, वर किंवा खाली, मी शाब्बास म्हणणार नाही आणि टाळी वाजवणार नाही. टाळी वाजवायला हातच मोकळे नसतील. मी दोन्ही हातांनी तिचा दंड धरलेला असेल.